सरलाची यादी आणि बाबलीचा बर्फ

आमच्या गावच्या पोस्टात शिक्का कसा वाजतो त्यावरून सरलाचं डोकं किती तापलंय ते मी बसल्या जागी सांगतो. माझं दुकान पोस्टाला लागून. मध्ये एक भिंत, तीही मातीची. साधा ‘थप्’ आला तर बाई खुशीत आहेत. ‘थाप्प’ आला तर कोणीतरी तिकीट तिरकं लावलंय. आणि ‘धाड्’ येऊन माझ्या लिमलेटच्या बरण्या किणकिणल्या की गिऱ्हाईकसुद्धा सांगतं, “बाळा, आज पोस्टात जावक नको रे. उद्या बगूया.”

श्याऐंशीच्या दिवाळीपासून पुढचं वर्षभर माझ्या बरण्या रोज वाजल्या.

सरला परुळेकर, वय एकेचाळीस, लग्न नाही. पोस्ट म्हणजे तिच्याच घराची पडवी. आधी तिचे वडील पोस्टमास्तर, त्यांच्यामागे ही. लग्न का राहिलं, याच्या गावात चार कथा आहेत. त्यातली मला आवडणारी अशी, की वेंगुर्ल्याच्या एका चांगल्या स्थळाने होकाराच्या पत्राला तिकीट कमी लावलं. हिने दंड भरून पत्र सोडवलं, वाचलं आणि पूर्ण तिकीट लावून नकार कळवला. मी तिला याबद्दल विचारलं तर म्हणाली, “बाळा, तू दुकान सांभाळ.” म्हणजे खरंच असणार.

असली ही बाई. कागदावर जे असेल तेच खरं, आणि कागद नसेल तर तो करायचा.

दिवाळीनंतर मुंबईहून तिच्या भावाचं, विश्रामचं पत्र आलं. मी साखर मोजत होतो. पोस्टातून शिक्का नाही, पावलांचा आवाज नाही, खोकणं नाही. गावातल्या बायका म्हणतात मी भिंतीला कान लावून असतो. तसं काही नाही. भिंतच पातळ आहे. पण त्या दिवशी मी उठून बघायला गेलो.

“शुभदाक रगातच तयार होणा नाय,” सरला म्हणाली. “डॉक्टर म्हणतत, हाडांच्या आत जो मगज असता, थंय रगात तयार होता. तो सुकलो.”

शुभदा विश्रामची मुलगी, दहा वर्षांची. मे महिन्यात आली की माझ्या दुकानात बसून काजूच्या बिया मोजायची आणि मोजता मोजता खायची. मी ओरडलो की म्हणायची, “काका, मी फक्त किडलेले खाते.” वर्षभर तिला बाटल्यांनी रक्त चढवत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

सरला पंधरा दिवसांची रजा टाकून मुंबईला गेली. तिथल्या मोठ्या इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरने तिला समजावलं. दुसऱ्या कोणाचा मगज शुभदाला देता येतो, पण तो जुळला पाहिजे. सख्ख्या भावंडात जुळायची शक्यता जास्त. शुभदाला एकच भाऊ, त्याचा जुळला नाही. आईबापाचा नाही. सरलाने आपला हात पुढे केला, तोही जुळला नाही.

“मग आता?” हिने विचारलं.

डॉक्टर म्हणाला, विलायतेत लोक आपणहून नाव नोंदवून ठेवतात. ओळख ना पाळख. कोणाला लागलं आणि जुळलं तर त्यांना बोलावतात.

“आणि आपल्याकडे ती यादी कुठे असते?”

“आपल्याकडे अशी यादी नाही, बाई.”

हे सांगताना सरला माझ्या दुकानाच्या फळीवर हात आपटत होती. “नाय म्हणता! बाळा, ह्या देशात कोंबड्यांची मोजणी होता. माज्या पडवेत बसान तलाठ्यान गावातली म्हशी-रेडकां लिवन नेल्यानी. माडांची यादी आसा, होड्यांची यादी आसा, मेलेल्या माणसांची मतदार यादी आसा! आणि एका माणसाचा दुसऱ्या माणसाक देवची यादी नाय?”

“कर मगे तू,” मी म्हटलं. चेष्टेत म्हटलं. मला काय माहीत.

डॉक्टर सज्जन होता. तिची धडपड बघून तो म्हणाला, तुमच्याकडे आतेमामे भावंडांत लग्नं होतात, घराणी एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणून लांबच्या नात्यातही एखाद्याचं जुळू शकतं. आशा थोडी, पण तपासून बघू. तीसेक जणांच्या रक्ताचे नमुने पाठवा, बुधवारी सकाळी मी सगळे एकदम तपासतो. मगज काढायची गोष्ट फार पुढची. आधी चमचाभर रक्त.

झालं. सरलाने पोस्टाच्या जाड वहीसारखी एक वही आणली, तांबड्या रेघा मारल्या. अनुक्रमांक, नाव, वय, शुभदाशी नाते, सही, शेरा. आणि परुळेकरांच्या भावकीत घरोघर फिरायला लागली. मी बरोबर जायचो. ती म्हणायची सोबत म्हणून, मी म्हणतो तमाशा फुकट होता म्हणून.

पहिला गणपत. तिचा चुलतभाऊ, माडावर चढणारा, छाती अशी की दार अडवेल.

“सरलाबाय, हाडातला काढल्यार माणूस उबो ऱ्हवता?”

“आता निस्ता रगात होया, गणपत. चमचोभर.”

“आज चमचो. उद्या पळी.”

“आणि जुळलाच, तर कमरेच्या हाडातसून सुयेन काढतत. माणसाक निजवन. चार-पाच आठवड्यांत परत भरान येता. तू माडाची माडी रोज काढतस, तो माड मरता?”

“माडाक बोलाक येणा नाय, म्हणान गप ऱ्हवता,” गणपत म्हणाला. आणि घरात जाऊन बायकोला पुढे केलं. बायकोने विचारलं की सरकारी सिस्टर येणार म्हणजे हे रक्ताच्या नावाखाली दुसरंच कसलं ऑपरेशन तर नाही ना. मार्चअखेर जवळ आला की सिस्टरला कुटुंबनियोजनाचे आकडे भरायचे असतात, हे गावातल्या कोंबड्यालासुद्धा माहीत. सरलाने शपथा घातल्या. मी म्हटलं, “वैनी, तेच्यासाठी सिस्टर हाताची शीर सोधूची नाय.” वैनी हसून आत पळाल्या, गणपतने सही केली. सरला मात्र आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

दुसरे अप्पा. भावकीत थोरले, बावन्न वर्षांचे, मूळ घराचा गणपती त्यांच्याकडे. त्यांनी हो म्हटलं की पंधरा घरं हो म्हणणार.

“विश्रामाक दोन वर्सां गणपतीक येवक रजा गावाक नाय,” अप्पा सुपारी कातरत म्हणाले. “आता आमचां रगात आठावलां?”

“चेडू आजारी होता, अप्पा. म्हणान येवक नाय.”

“पत्र घालूचा होता.”

“लाजेन नाय घातल्यान.”

“तुजोच भाव. पोस्ट तुज्या पडवेत, आणि पत्र नाय!” अप्पा हसले. ह्यावर मला हसू आलं हे मी कबूल करतो. सरलाने माझ्याकडे असं बघितलं की ते आतच राहिलं.

मग अप्पांनी शेवटचा मार्ग काढला. देवाला विचारू. आमच्याकडे गावाचा कुठलाही अवघड विषय देवळात जातो. गुरव पाषाणाला कळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी कधी देव दुपारपर्यंत बसवून ठेवतो. सरला देवळात बसली, वही मांडीवर. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि त्याचं बोलणं संपायच्या आत उजवी कळी टपकन खाली. गुरवसुद्धा दचकला.

“आता, अप्पा?”

अप्पा उठले, उपरणं झटकलं. “देवान दिलो कौल. घरकारनीन अजून देवक नाय.”

तरीही सव्वीस सह्या झाल्या. तीन महिने लागले. कोणी म्हणालं सुतक आहे, कोणी म्हणालं आंब्याचा मोहोर सांभाळायचाय, हाताला सुई टोचून कसं चालेल. एकाने सांगितलं माझं रक्त आधीच कमी, आणि त्या संध्याकाळी मी त्याला दशावताराच्या नाटकात राक्षस होऊन अर्धा तास नाचताना बघितला. सरला बोलून बोलून आटली. पण अप्पांनी अखेर घरकारनीसकट, म्हणजे बायकोसकट, सही केली. का, ते कोणाला कळलं नाही. मला वाटतं शुभदाचा फोटो आला होता मुंबईहून, डोकीवर रुमाल बांधलेला. सरलाने तो त्यांच्या ओटीवर ठेवला आणि काही न बोलता परत आली.

मीही सही करायला गेलो होतो. म्हणाली, “तू नात्यातलो न्हय. आणि तुज्या रगातात निस्ती बडबड आसतली.”

विश्रामने मुंबईहून झाकणाच्या काचेच्या नळ्या पाठवल्या, आत औषधाचा थेंब घातलेला. सोबत डॉक्टरचं चार ओळींचं मराठी पत्र. त्यात अधोरेखित केलेलं एकच वाक्य होतं: ‘रक्त ताजे पोहोचले पाहिजे, चोवीस तासांत.’

चैत्रातला मंगळवार. शाळेच्या वर्गात सिस्टर बसल्या. सव्वीस माणसं बाकांवर, पाय न मावता, पोरांसारखी. सरला प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नंबर घालत होती. गणपतला सुई दाखवली तर तो डोळे मिटून रामरक्षा म्हणायला लागला. सिस्टर म्हणाल्या, “झालं, उठा.” तर म्हणतो, “अजून अर्धी ऱ्हवली.” अप्पांनी बाही वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चेडवाक देतंय. विश्रामाक न्हय.”

अकरा वाजता सगळ्या नळ्या भरल्या. आता मुंबईला नेणार कोण? पोस्टाने गेल्या तर चार दिवस. एसटीच्या कंडक्टरने रक्त ऐकूनच हात जोडले. राहिला बाबली. मासळीचा व्यापारी, त्याचा ट्रक दुपारी एकला सुटतो, उजाडता मुंबई गाठतो. बाबली म्हणाला, “बाय, चिंता करू नको. माजो ट्रक पोचणा नाय असो दिवस नाय.”

आणि इथे मी तोंड उघडलं.

आमच्या किनाऱ्यावर ‘ताजं’ म्हणजे काय, हे जन्मलेल्या पोरालाही कळतं. मी बाबलीला म्हटलं, “मेल्या, बांगडो धाडताना बर्फ घालतस, आणि चेडवाच्या जिवाचा काम तसाच धाडतलंस?”

बाबलीला अपमान वाटला. “मी काय खुळो? बर्फ तर घालतलंयच!”

सरला वही आवरत होती. तिने मान वर करून विचारलं, “वाटेत गरम नाय ना होवचा?”

“थंडगार जातला,” बाबली म्हणाला.

“बरां,” सरला म्हणाली.

नळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी लाकडी खोक्यात, खाली बर्फ, वर बर्फ, बाजूला बर्फ, वरून भाताचं तूस दाबून. सरलाने खोक्याला कापड शिवलं, लाखेचे सहा शिक्के मारले. खोका पापलेटांच्या वर ठेवला, सुरमईंच्या नाही, सुरमईचा वास उतरतो म्हणून. आम्ही तिघे ट्रक वळणाआड जाईपर्यंत उभे होतो. मला आठवतं, मी सरलाला म्हटलं, “बगलंस? यादी झाली तुजी.” ती चक्क हसली. शिक्का त्या दिवशी ‘थप्’ असा वाजला, मी ऐकला.

पुढच्या सोमवारी डॉक्टरचं पत्र आलं.

तिने ते उभ्यानेच वाचलं, मग खिडकीतून माझ्याकडे सरकवलं. ‘आपण पाठवलेले सव्वीसही नमुने अतिशय थंड झाल्याने त्यांतील जिवंत पेशी मेल्या आहेत. तपासणी करता आली नाही. नमुने साध्या हवेत, बर्फाशिवाय पाठवावयाचे असतात. हे आधी कळवायला हवे होते, चूक माझी. कृपया पुन्हा पाठवावेत.’ खाली हाताने एक ओळ जास्तीची: ‘इतक्या काळजीने बांधलेले पार्सल आमच्याकडे यापूर्वी आले नव्हते.’

त्या ओळीने मला मारलं.

बाबलीला बोलावलं. सरलाने फक्त विचारलं, “किती बर्फ घातलंस?”

त्याला काहीच माहीत नव्हतं, बिचारा फुशारकीने म्हणाला, “पापलेटाक घालतंय तेच्या दुप्पट, बाय! तुज्यासाठी!”

मी म्हटलं, “सरला, बर्फाचा मी सांगितलंय.”

“तू सांगितलंस,” ती म्हणाली. “तेणां घातल्यान. आणि मी विचारलंय, गरम नाय ना होवचा. तिगां मिळान केलंव.” मग ती आत गेली. त्या दिवशी कुठलंच टपाल फुटलं नाही. दहा पत्रं तशीच पडून राहिली. पोस्टाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं असेल.

दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन पुन्हा फेरी. आता मी बरोबर गेलो ते तमाशासाठी नाही. आणि आता तमाशा राहिलाही नव्हता. पहिल्या वेळी लोक घाबरत होते, या वेळी रागावलेले होते. “एकदा दिलंव. तुमी फुकट घालवलात.” “रगात म्हणजे काय सोलकढी? परत परत वाडूची?” एका घरात तर म्हातारी म्हणाली की देवाने कौल एकदाच देण्याचा दिला होता, दोनदा देण्याचा नाही. सरलाने तिच्याशी तासभर वाद घातला. मी सांगत होतो, “चूक माजी, माका शिव्या घाला, पण हात पुढे करा.” शिव्या घातल्या. हात नाही.

अप्पांनी दारातूनच सांगितलं, “माजा देवन झाला.” आणि अप्पा नाही म्हणाले की पंधरा घरं नाही.

अकरा जण तयार झाले. गणपत त्यात होता, हे लिहून ठेवतो. त्याने या वेळी रामरक्षा पूर्ण केली. नळ्या पुठ्ठ्याच्या डब्यात कापसात गुंडाळून बाबलीने स्वतः मांडीवर घेतल्या, ड्रायव्हरच्या शेजारी बसून, इंजिनाची धग लागू नये म्हणून डबा खिडकीकडे धरून. मुंबईत उतरला तेव्हा त्याचे हात आखडून गेले होते.

अकराही तपासून झाले. एकाचंही जुळलं नाही. एकाचं अर्धं जुळलं होतं. डॉक्टरने लिहिलं, अर्ध्याने भागत नाही.

राहिले पंधरा. त्या पंधरांचं जुळलं असतं का, हे आता कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरही नाही, गुरवही नाही. सरला अप्पांच्या दारात पुन्हा तीनदा गेली. तिसऱ्या वेळी अप्पांनी घरात असून नाही असं कळवलं. ती पायरीवर बसून राहिली, ऊन डोक्यावर येईपर्यंत. परत आली तेव्हा मी लिंबू सरबत दिलं तर ग्लास फळीवर असा आपटला की फुटलाच. “माजां रगात जुळणा नाय, म्हणान मी भीक मागतंय,” ती म्हणाली. “ज्यांचा जुळात तेंका वेळ नाय.”

तिने विलायतेलाही पत्र घातलं. पत्ता डॉक्टरकडून घेतला, हायस्कूलच्या मास्तरांकडून इंग्रजीत लिहून घेतलं: माझं नाव आपल्या यादीत घ्यावं, आणि यादीत कोणी शुभदाशी जुळणारं असेल तर कळवावं. दीड महिन्याने उत्तर आलं, सुंदर कागदावर, सुंदर तिकीट, सरळ लावलेलं. आभार मानले होते. नाव फक्त तिथे राहणाऱ्यांचं घेतात. त्यांच्या यादीत शोधायचा जो खर्च सांगितला होता, तो आमच्या कोणाच्या आवाक्यातला नव्हता.

श्रावणात शुभदा गेली. तार सरलानेच वाचली, कारण गावात तार वाचणारं दुसरं कोणी नाही. भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. मी या वेळी उठून बघायला गेलो नाही. हिंमत झाली नाही.

गणपतीत विश्राम आला. दोन वर्षांनी. मूळ घरी आरतीला उभा राहिला, अप्पांच्या शेजारी, आणि अप्पांनी तबक त्याच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधी अप्पा पडवीत येऊन बसले. मी दुकानाची फळी काढत होतो. सरला किल्ली घेऊन आली, तर अप्पांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात पुढे केला.

“घे.”

“आता कोणासाठी, अप्पा?” सरलाचा आवाज चढला. “आता हात दाखवतास? मी पायरेर बसलेलंय तेवा हात खंय होतो?”

अप्पांनी हात मागे घेतला नाही. तसेच बसले, बाही वर करून, म्हातारे दिसत. सरलाने कुलूप काढून पोस्ट उघडलं. मग कपाटातून तीच वही काढली. सव्वीस नावांतल्या पंधरांवर तिने तांबडी काट मारली होती. अप्पांच्या नावाची काट तिने ब्लेडने खरवडली. कागद फाटायला आला.

“दुसऱ्याच्या चेडवाक चलात?” तिने विचारलं.

“चलात,” अप्पा म्हणाले.

तेव्हापासून ती वही पोस्टाच्या खिडकीत असते. पत्र टाकायला येणाऱ्याला सरला विचारते, नाव घालतस? नात्याचा रकाना तिने खोडून टाकलाय. दर सहा महिन्यांनी ती मुंबईच्या इस्पितळाला रजिस्टर पत्राने कळवते, की यादी तयार आहे, बोलवाल तेव्हा माणसं येतील. आणि दरवेळी उत्तर येतं, की तूर्त अशी यादी ठेवण्याची व्यवस्था नाही, आपल्या भावनांबद्दल आभारी आहोत. मग माझ्या बरण्या वाजतात.

मी त्याच आठवड्यात गेलो होतो. म्हटलं, “आता नात्याचो रकानोच नाय. माजां नाव घाल.”

तिने वरून खालपर्यंत बघितलं. सत्तावीस नंबरला माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, सही घेतली. मग शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहून वही फिरवून ठेवली. मी ती उलटीकडून वाचली.

‘बर्फापासून लांब ठेवावे.’

मी हसलो. ती हसली नाही. शिक्का उचलला आणि समोरच्या पाकिटावर मारला.